म्हसे नाना आणि राखेचा दाणा

म्हसे नानांच्या खोलीत शिरताना चप्पल, मोबाईल आणि तोंड, तिन्ही बाहेर ठेवावी लागतात. राहुरीजवळच्या आमच्या कॉलेजातला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप ते चालवतात. मी तिथेच रसायनशास्त्र शिकवते. पहिल्याच दिवशी मला शिंक आली, तर हा माणूस "मेलो!" म्हणून ओरडला. मी हबकलेच.

माझा प्रबंध झिओलाइटवर. रासायनिक क्रिया वेगानं घडवून आणणारी ही पूड मी साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, राखेपासून बनवली होती. तिच्या दाण्यादाण्यात ओळीनं बारीक भोकं असतात. ती फोटोत दिसली तर प्रबंध, नाहीतर नुसती राख. आणि सादर करायला उरले होते आठ दिवस.

फोटो घेताना जमीन हलता कामा नये, आणि आमच्या रस्त्यानं तर उसाचे ट्रॅक्टर धडधडत जाणार. फोटोच्या दिवशी नाना सरळ रस्त्यावर गेले आणि दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरपुढे आडवे उभे राहिले. मी मागोमाग धावले.

"काय झालं नाना, मयत हाय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"या मॅडमचा फोटू काढायचाय. पाच मिन्टं इंजन बंद!"

ड्रायव्हर इंजिन बंद करून मला खालपासून वरपर्यंत बघत राहिला.

"लई बघू नका, मरतं ते," हे मायक्रोस्कोपपुढे बसलं की नानांचं पालुपद. इलेक्ट्रॉनच्या ज्या झोतानं दाणा दिसतो, त्याच झोतानं तो आतून मोडतो. म्हणून नाना शेजारच्या दाण्यावर नजर जुळवून घेतात, मग खऱ्या दाण्यावर येऊन क्षणात फोटो उरकतात. पण पडद्यावर माझ्या दाण्यातल्या भोकांच्या रांगा उमटल्या आणि मला राहवलं नाही. "थांबा नाना, जरा मोठं करा!" म्हणत मी त्यांचा हातच धरला. बघता बघता रांगा विरल्या. फोटो निघालाच नव्हता.

"घरी जा!" नानांनी थेट दार दाखवलं. इतकी वर्षं शिकवतेय, मला असं कुणी हाकललं नव्हतं.

संध्याकाळी चांगलं भांडायचं ठरवून त्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच थिजले. भिंतभर फ्रेमा. एकाही फ्रेमेत माणूस नाही, सगळे दाणेच! खाली विद्यार्थ्यांची नावं, गावं. टेबलावरच्या नव्या फ्रेमेत माझंही नाव होतं, आणि वर भोकांच्या स्वच्छ रांगा.

"तुमी गेल्यावर दुसरा दाना घेतला," नाना म्हणाले. "तुमचे हातपाय लई थरथरत हुते, म्हनून घालवलं. रागावला का?"

"आणि या एवढ्या फ्रेमा कशाला?"

"फोटू कॉम्प्युटरवरनं जातो समद्यांना. पन मी एक छापून ठिवतो. कुनी घरी न्यायला आलं तर असावा."

"येतं कुणी?"

"तुमीच पयल्या."

घरात कप एकच होता. तो मला दिला आणि स्वतः वाटीत चहा ओतून घेतला. भांडायला आल्याची मला लाज वाटली. प्रबंधाला तेवढा एक फोटो पुरेसा होता. तरी मी म्हणाले, "नाना, अजून दोन-तीन लागतील. न्यायला मीच येईन."