तिसऱ्यांदा विचाराल तर

सत्तर वर्षांत एर्लिंग फोसमने चार लोकांत तोंड उघडलं होतं ते फक्त चर्चमध्ये गाताना, तेही आपला आवाज इतरांच्या आवाजात लपेल अशा बेताने. पण मार्चमधल्या त्या मंगळवारी त्याने ठरवलं, की आज नॉर्डबीच्या नगर परिषदेत उभं राहायचं आणि बोलायचं.

कारणच तसं होतं. मेपल रस्ता नव्याने बांधायचा होता. (रस्ता म्हणजे मिनेसोटाच्या बर्फाने पाडलेले खड्डे आणि त्यांच्यामधलं उरलंसुरलं डांबर.) ज्याच्या घराची जितकी बाजू रस्त्याला लागून, तितका खर्च त्याने द्यायचा, असं पत्र आलं होतं. एर्लिंगचं घर नेमकं कोपऱ्यावर. दोन बाजूंना रस्ता, म्हणून आकारणी दुप्पट, अकरा हजार डॉलर. म्हणजे मासेमारीची बोट विकायची! निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली ती बोट. पत्र आल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"एकच वाक्य बोलायचंय," गाडीत त्याच्या बायकोने, मार्लिसने बजावलं. तिच्या मांडीवर लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता. "कोपऱ्याच्या घराला सवलत द्या. बस्स."

"बोलतो की."

"आणि दिली तर घे."

"न घ्यायला मी काय वेडा आहे?"

मार्लिसने ट्रेवरचा कागद नीट दाबून बसवला.

सभेत गावाचे नवे इंजिनीयर स्कार्पा नकाशा लावून उभे होते. ते जानेवारीतच न्यू जर्सीहून आले होते. मेपल रस्त्यावरचा वेंडेल बाकन म्हणाला, "रस्ता काय आमच्या एकट्याचा आहे? पैसे सगळ्या गावाच्या करातून घ्या."

"आमचा रस्ता झाला तेव्हा आम्ही आमच्या खिशातून भरले," मागून कोणीतरी म्हणालं. "तेव्हा नाही आठवलं गाव?"

"मला वाटतं, तुझं जरा चुकतंय."

"मलाही तुझ्याबद्दल तसंच वाटतं."

(नॉर्डबीच्या मानाने ही हाणामारीच. मेयर लव्हर्नबाईंना हातोडा आपटावा लागला.)

मग एर्लिंग उठला. ठरलेलं वाक्य त्याने पूर्ण केलं. स्कार्पांनी नकाशाकडे पाहिलं. "रास्त आहे. कोपऱ्याच्या घरांची एकच बाजू धरू. देऊ तुम्हाला ही सवलत?"

"छे छे!" एर्लिंग म्हणाला. "माझ्यासाठी कशाला उगाच त्रास!"

आता यात त्याचं काही चुकलं नव्हतं. नॉर्डबीत कोणीही काहीही देऊ केलं तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्याला घरचं वळण नाही असं समजतात. तेव्हा एर्लिंग पहिलं नको म्हणून दुसऱ्या आग्रहाची निवांत वाट पाहत उभा राहिला.

"ठीक आहे," स्कार्पा म्हणाले. "लिहून घ्या, सवलत नको. पुढचे?"

एर्लिंगला खाली बसावं लागलं. पुढे होत्या विधवा आर्डिसबाई. दहा वर्षांच्या हप्त्यांनी चालेल का, असं स्कार्पांनी विचारलं. एर्लिंगने सवलत नाकारल्यावर त्या कशा घेणार? "नको हो, भागेल माझं," त्या म्हणाल्या आणि रुमाल चुरगाळत बसल्या. मग वेंडेलनेही नको म्हटलं. एकेक करत अख्ख्या मेपल रस्त्याने सगळं नाकारलं.

स्कार्पांनी छातीवर हात ठेवला. "अठरा वर्षं रस्ते बांधतोय. अशी मोठ्या मनाची माणसं पाहिली नाहीत!"

पाहुण्याला चारचौघांत चूक सांगणं हेही वळणात बसत नाही. म्हणून लव्हर्नबाईंनी कॉफीची सुट्टी जाहीर केली.

मार्लिस वड्यांचा ट्रे घेऊन थेट स्कार्पांपुढे गेली. "वडी घ्या ना."

"वा!" म्हणत त्यांनी दोन उचलल्या. पहिल्याच फटक्यात! सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या.

"आता ही एक माझ्या नवऱ्याला हवी का विचारा," मार्लिस म्हणाली.

"मिस्टर फोसम, वडी?"

"नको, पोट भरलंय."

"पुन्हा विचारा."

"घ्या ना."

"खरंच नको."

"अजून एकदा."

"अहो, घ्या की!"

"बरं, वाया जाणार असेल तर अर्धी," एर्लिंग म्हणाला आणि अख्खी वडी तोंडात टाकली.

स्कार्पांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यांनी उरलेली वडी खाली ठेवली आणि सगळ्यांना परत खुर्च्यांवर बसवलं. मग यादी उघडून प्रत्येकाला आणखी दोनदा विचारलं. आर्डिसबाई हो म्हणताना चक्क रडल्या. एर्लिंगची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "तुमचा एवढा आग्रहच असेल तर..." बोट वाचली! घरी जाताना तो गाडीत मोठ्याने गायला, आणि या वेळी आवाज लपवायला दुसरं कोणी नव्हतं.

मे महिन्यात काम सुरू झालं. एका सकाळी स्कार्पा दारात हजर.

"मिस्टर फोसम, मजुरांसाठी फिरता संडास ठेवायचाय. तुमच्या कोपऱ्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ठेवू?"

"नको," एर्लिंग म्हणाला. अगदी मनापासून.

स्कार्पा समजूतदारपणे हसले. "ठेवू ना?"

"नको हो, खरंच नको!"

स्कार्पांनी डोळा मिचकावला. "कळतं मला आता सगळं. ठेवू?"

एर्लिंगने तोंड उघडलं. पण सत्तर वर्षांत त्याने कोणाला तिसऱ्यांदा नको म्हटलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला, "तुमची अगदीच अडचण होत असेल तर..."