एका हाताने हरलेला ब्लासी

नदीपलीकडच्या ब्रिडाचं पत्र मला मागच्या नोव्हेंबरात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ तिथेच आहे.

उत्तर दिलं नाही म्हणजे लिहिलं नाही असं नव्हे. सतरा वेळा लिहिलं! पण पत्रात ब्रिडाने मला सरळ 'तू' म्हटलं होतं. आम्ही एका वर्गात होतो हे खरं, पण त्याला आता बावन्न वर्षं झाली. त्यानंतरचं आमचं संभाषण म्हणजे ती पुलावर दिसली की मी टोपी काढायची आणि तिने "गारठा आहे" म्हणायचं. अशा बाईला 'तू' लिहावं की 'तुम्ही'? 'तू' म्हणजे आगाऊपणा, 'तुम्ही' म्हणजे तिच्या 'तू'चा अपमान. सतराव्या मसुद्यात मी 'ब्रिडा हिला कळवण्यात येते की' असं लिहून पाहिलं. ते जप्तीच्या नोटिशीसारखं वाचलं गेलं. शेवटी मी ते पत्र जाड लॅटिन शब्दकोशात ठेवलं, शब्दकोश सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली.

असा मी माणूस. बढाई मारणं माझ्या रक्तात नाही. पण मार्चमध्ये, चर्चच्या सभेत, का कोण जाणे, मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तीस दिवसांत वीस हजार फ्रँक लोकवर्गणी जमवून दाखवतो!"

माझाच आवाज ऐकून मी दचकलो आणि खाली बसलो. पण तोवर ते इतिवृत्तात लिहिलं गेलं होतं.

वर्गणी कशाला, तर याकोब ब्लासीच्या चरित्राचं कॉमिक काढायला. ब्लासी हा पाचशे वर्षांपूर्वीचा आमच्या सुरेन गावचा पाद्री, आमचा धर्मसुधारक. एका रविवारी त्याने सगळ्यांना नदीकाठच्या कुरणात बोलावलं. चर्चमध्ये चित्रं नकोत म्हणणारा नवा प्रोटेस्टंट पंथ की जुना कॅथलिक, हात वर करून ठरवा! नवा पंथ जिंकला. किती हातांनी? एका! दुसऱ्या दिवशी ब्लासीने चुन्याची बादली घेतली, चर्चच्या भिंतींवरचे सगळे संत पुसून पांढरे केले आणि लाकडी फळ्यांवरची चित्रं जाळायला बाहेर काढली. नदीपलीकडचं प्लांका तेव्हा आमच्याच गावात मोडत होतं. ते लोक रागावून वेगळे झाले आणि कॅथलिकच राहिले. तेव्हापासून मधे एक पूल, दोन्हीकडे दोन चर्चं, आणि अक्रोडाचा केक कुणाचा चांगला यावर कायमचा वाद.

या ब्लासीवर मी वीस वर्षं खपून आठशे पानं लिहिली आहेत. ती आजवर फक्त मी वाचली आहेत. चित्रकार लादिना आमच्याच गावची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "मास्तर, आठशे पानं कोण वाचणार? ब्लासीसुद्धा वाचणार नाही. साठ पानांचं कॉमिक करू."

चर्च समितीचा अध्यक्ष लुत्सी म्हणजे आमचा चीजवाला. माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "ज्याने चित्रं पुसली त्याचंच चित्रांचं पुस्तक? मास्तर, तो थडग्यातून बादली घेऊन उठेल!"

पण योजना फक्कड होती! कॉमिकच्या मधोमध, तिसाव्या आणि एकतिसाव्या पानांवर, कुरणातलं ते मतदान. पन्नास फ्रँक द्या, तुमचा चेहरा त्या गर्दीत! आणि हात कुणासाठी वर करायचा, तेही तुम्हीच ठरवा. नव्या पंथाला बादलीचं बटण, जुन्याला मेणबत्तीचं. जितके हात येतील तितकेच काढायचे, एक जास्त नाही, एक कमी नाही. वेबसाइटवर मी छातीठोक लिहिलं, 'कुरणात जो जिंकेल, तोच पुस्तकात जिंकेल!' कोण जिंकणार हे उघडच होतं. प्लांकाचे लोक ब्लासीच्या पुस्तकाला कशाला पैसे देतील?

तरी निःपक्षपातीपणा हवा. म्हणून मी लादिनाला सांगून दर तासाला बटणांच्या जागा बदलायची सोय केली. एक तास बादली डावीकडे, पुढचा तास मेणबत्ती डावीकडे. कुणी म्हणायला नको की मास्तरांनी आपल्या बाजूला मानाची जागा दिली. शिवाय नियम केला की हात बदलायचा असेल तर चित्र पूर्ण होईपर्यंत सहीचं पत्र पाठवून बदलता येईल, पण आयोजकांना मात्र कधीच बदलता येणार नाही.

"मास्तर," लादिना म्हणाली, "तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस मी पाहिला नाही. पुन्हा पाहायची इच्छाही नाही."

पहिल्या दहा दिवसांत हात आले चार!

आमच्या लोकांना कल्पना फार आवडली होती. रस्त्यात थांबवून तसं सांगायचे आणि पुढे जायचे. कारण स्वतःचं तोंड छापून घ्यायला पैसे द्यायचे, हे आमच्यात शोभत नाही. आमच्याकडे नवा कोट घेतला तरी माणूस पहिला महिना तो गोठ्यात घालून जुना करतो. त्यात लुत्सी दुकानात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "पूर्वी पैसे घेऊन पापं माफ करायचे, त्याविरुद्ध ब्लासी ओरडला. आणि आता मास्तर पैसे घेऊन ब्लासीशेजारी जागा देतायत!"

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. वीस हजार जमले नाहीत तर नियमाप्रमाणे सगळ्यांचे पैसे परत, कॉमिक रद्द, आणि माझा ब्लासी पुन्हा आठशे पानांच्या बासनात!

अकराव्या दिवशी सकाळी लादिना धापा टाकत आली. "मास्तर! अठ्ठ्याऐंशी हात!"

मी आनंदाने उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"चौऱ्याऐंशी मेणबत्तीला आहेत."

"कितीजण?"

"सगळं प्लांका, मास्तर! आणि पहिला हात कुणाचा आहे पाहा. ब्रिडाचा. खाली शेराही लिहिलाय. 'पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून आमचं आम्ही बघतोय.'"

मी शेजाऱ्याकडून शिडी परत आणली.

पत्रात ब्रिडाने लिहिलं होतं: 'बाल्त्सर, तू ब्लासीची चित्रकथा करणार आहेस असं ऐकलं. दोन गोष्टी विचारते. त्या कुरणात आमचेही लोक होते. त्यांना काढशील ना? आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बायकांनी संत कातरिनाचं चित्र तुमच्या जळणातून उचललं आणि पूल ओलांडून इकडे आणलं. ते काढशील ना? चित्र अजून आमच्या चर्चमध्ये आहे. बघायला ये, केक करीन. उत्तर आलं नाही तर आमचं आम्ही बघू.'

बातमी तासाभरात गावभर झाली. लुत्सी एप्रनसकट माझ्या दारात!

"मास्तर, हे असंच राहिलं तर पुस्तकात ब्लासी हरणार?"

"नियम तसा आहे."

"मग बत्तिसाव्या पानावर काय?"

लादिनाने वहीतलं कच्चं चित्र दाखवलं. ब्लासी खेचरावर बसून, बोचकं बांधून गाव सोडून चाललाय. खेचर हसतंय.

लुत्सीचा चेहरा चीजसारखा पिवळा पडला. "मी स्वतः एक हात घेतो. बायकोचा एक. सासूचाही लिहा, तिला विचारायची गरज नाही!"

झालं! दोन आठवड्यांत आमच्या गावाची पाचशे वर्षांची विनयशीलता वाहून गेली. झ्युरिकचे भाचे, बाझेलच्या मावश्या, अमेरिकेत गेलेल्यांची नातवंडं, सगळ्यांचे हात वर! तिकडून प्लांकाने इटलीतले जावई आणले. आम्ही पुढे गेलो की ते पुढे, ते पुढे गेले की आम्ही. लुत्सीने 'फ्लोरा' या नावाने एक हात घेतला. दुसऱ्याच दिवशी ब्रिडाचा शेरा आला. 'फ्लोरा पुलाजवळ चरते. आम्ही तिला ओळखतो. तिला हात नाहीत.' फ्लोराला वगळावं लागलं.

सव्विसाव्या दिवशी वीस हजार ओलांडले! लादिना नाचली. मीही नाचलो असतो, पण माझी नजर त्या हसणाऱ्या खेचरावर होती. पुस्तक आता निघणार हे नक्की. पण ते कुठलं निघणार? माझा ब्लासी जिंकलेला की खेचरावरचा? वीस वर्षं ज्याची बाजू लिहिली, त्याला मीच गावाबाहेर काढणार की काय?

"तुमचा हात द्या की," लादिना म्हणाली.

"लेखकाने मधे पडू नये," मी म्हणालो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी आयुष्यात कुठल्याच सभेत हात वर केलेला नाही.

तिसावा दिवस, रविवार. बरोबर बाराला मुदत संपणार. प्रार्थना आटोपून सगळं गाव चर्चच्या सभागृहात जमलं. सातूचं सूप उकळत होतं, भिंतीवर पडदा होता, आणि त्यावर आकडे. दोनशे दहा, दोनशे दहा! एक मेणबत्ती पेटली, एक बादली आली. दोनशे अकरा, दोनशे अकरा! बाराला तीन मिनिटं!

"कोण राहिलंय?" लुत्सी ओरडला. "अरे, कोणीतरी राहिलं असेल!"

सगळी डोकी सावकाश माझ्याकडे वळली.

"मास्तर!"

"मी लेखक…"

"वर्गात सात वर्षं तुम्ही आमच्यावर 'उत्तर येत असेल तर हात वर करा' म्हणून ओरडलात! आज एकदा तुम्ही करा!"

कुणीतरी मला उठवलं, कुणीतरी ढकललं. लादिनाने कॉम्प्युटर पुढे सरकवला. सुपाच्या वाफेने चष्मा धुरकटला होता, पण मला काय चष्म्याची गरज? महिनाभर रोज सकाळी दहाला मी ती बटणं बघत होतो. बादली डावीकडे! कान तापले होते, आणि खरं सांगतो, मला फार मजा वाटत होती! मी उजवा हात उंच केला, सगळ्यांना दाखवला, आणि डावं बटण दाबलं.

लगेच बाराचे टोल पडायला लागले.

रोज दहाला डावीकडे असलेली बादली अकरानंतर उजवीकडे जाते, हे अख्ख्या खोऱ्यात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली लादिना डोळे मिटून बसली होती. दुसरा मी!

पडद्यावर मेणबत्ती दोनशे बारा झाली.

कुणाचा तरी चमचा सुपात पडला. मग लुत्सी अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, ब्लासीने चुना भिंतीला लावला. तुम्ही आम्हाला लावलात."

"बदला! हात बदला!" मागून आरडाओरडा झाला.

"आयोजकांना बदलता येत नाही," मी पुटपुटलो. "नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

पलीकडे प्लांकाच्या चर्चच्या घंटा जोरात वाजायला लागल्या. आणि मधेच, कुणीतरी दोर हिसकावून घ्यावा तशा, बंद पडल्या. मिनिटभरात लादिनाचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"कुणी केलं हे?" ब्रिडा कडाडली.

"मास्तरांनी," अख्खं सभागृह एका सुरात.

"बाल्त्सर? गाढवा! तुझा शेवटचा हात आला की आम्हाला हरायचं होतं!"

आमच्याकडे सगळ्यांचे आ वासलेले.

"ब्लासी जिंकला नाही तर चित्रं जाळायला काढणार कोण? आणि जाळायला काढलीच नाहीत तर माझी कातरिना पूल कशाला ओलांडेल? अकरा वाजल्यापासून चौघांना खुर्च्यांवर दाबून बसवलंय मी, एक हात जास्त नको म्हणून! मला काय तुमचा ब्लासी हाकलायचा होता? मला फक्त पत्राचं उत्तर हवं होतं!"

"मग बाई, तुम्हीच तुमचा हात बदला ना!" लुत्सी काकुळतीला आला. "तुमचा एक गेला आणि आमच्यात आला, तर आम्ही एका हाताने जिंकतो. अगदी तेव्हासारखं!"

मग ब्रिडा म्हणाली, "माझ्या आईच्या काळापर्यंत बायकांना कुठल्याच कुरणात हात वर करायची परवानगी नव्हती, लुत्सी. मी केलाय. तो कुठे न्यायचा ते मी ठरवीन. आधी उत्तर. लेखी. दोन्ही प्रश्नांचं. आजच टपालात टाकलेलं." आणि फोन बंद.

मला खुर्चीत बसवण्यात आलं. समोर कागद आला, तीन पेनं आली. अर्धं गाव ओरडत होतं, "'तुम्ही' लिहा, मास्तर!" अर्धं ओरडत होतं, "'तू' लिहा! एवढ्यात गाढव म्हणाल्या त्या तुम्हाला!" मी कान बंद केले आणि अठरावा मसुदा लिहिला. 'ब्रिडा, कुरणात प्लांकाचे लोक असतील, सगळेच्या सगळे. कातरिना बत्तिसाव्या पानावर पूल ओलांडेल, पूर्ण पानभर. केकसाठी कुठल्या दिवशी येऊ?' इथपर्यंत मी 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही शिताफीने चुकवले होते. मग सही करताना पेनाने आपणहून लिहिलं, 'तुझा बाल्त्सर.' खोडायला गेलो तर लुत्सीने कागद ओढून पाकिटात घातला.

आमची टपालपेटी रविवारी उघडत नाही. प्लांकाची उघडते, संध्याकाळी. म्हणून मी टोपी घातली आणि पुलावरून निघालो. मागे वीस पावलांवर सगळं सुरेन, कुणाच्या हातात अजून सुपाची वाटी. पलीकडे सगळं प्लांका रस्त्यावर.

प्लांकाची टपालपेटी ब्रिडाच्या घराच्या भिंतीला आहे, दाराला लागूनच. आणि दारात, कमरेवर हात ठेवून, ब्रिडा.

माझी टोपी आपोआप निघाली.

तिने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आण इकडे," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "हातातच दे."

अख्खी दोन गावं श्वास रोखून उभी.

"नको," मी म्हणालो. "तिकीट लावलंय."

आणि पत्र पेटीत टाकलं.