धुरासुराचा तिसरा अंक

सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या चिमणीतून काळा धूर येत असे. चिमणीचे ते कामच आहे, त्यामुळे यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. परंतु चौऱ्याण्णव सालच्या प्लेगानंतर सुरत इतकी स्वच्छ झाली, की उरलेली घाण लगेच नजरेत भरू लागली. आसपासच्या वस्तीत वाळत घातलेले पापड संध्याकाळी बुक्का लावल्यासारखे दिसत. शेवटी शहराच्या हवेची काळजी वाहणाऱ्या एका खात्याने मिलमालक धीरजशेठ यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले: एक तर धूर थांबवा, नाहीतर धुराविरुद्ध जनजागृती करा. शेठनी दोन्हींचा खर्च काढून पाहिला आणि त्यांना धुराची मनापासून चीड आली.

जागृतीसाठी नट हवा होता. मिलच्या घडी खात्यात साड्यांच्या घड्या घालणारा हिलाल पाटील दरवर्षी गोडादऱ्याच्या खानदेशी वस्तीतल्या गणेश मंडळाच्या नाटकात काम करी. काम म्हणजे कधी द्वारपालाचे, कधी प्रेताचे. एकदा प्रेताला शिंक आली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तो अजून विसरला नव्हता. आपल्याला एकदा तरी मोठे भाषण असलेले काम मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती.

मिलमध्ये आहेराच्या साड्या निघत. आहेराची साडी नेसायची नसते, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ती घ्यायची, पिशवीसकट कपाटात ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत टाकायची. हिलालच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, नणंदेच्या घरी दिलेली मोरपंखी साडी चार घरे फिरून त्यांच्याच हाती परत आली होती. पदराला लागलेल्या हळदीच्या बोटावरून त्यांनी ती ओळखली, पिशवी बदलली आणि चुलतभावाच्या लग्नाला पाठवून दिली.

नाटक मिलच्याच टाइमकीपरने, शालिग्रामने लिहिले. तीन अंकी. पहिल्या अंकात धुरासुर वरदान मिळवून येतो, दुसऱ्यात पृथ्वी तापवतो आणि तिसऱ्यात वायुदेव त्याचा वध करतो. वरदान कोणी दिले हे शालिग्रामने लिहिले नव्हते, कारण आणखी एक देव शेठना परवडत नव्हता. वायुदेव हिलाल. तिसऱ्या अंकात त्याला सलग पानभर भाषण होते: ‘बोल दुष्टा, कोणी दिले तुला वरदान?’ इथून ते सुरू होई. ते पाठ करताना हिलालने गोडादऱ्याची अख्खी गल्ली जागवली. धुरासुरासाठी वेगळा नट घ्यावा लागला नाही. शेठनी चिमणीवरच मिशा रंगवून घेतल्या.

पहिल्या प्रयोगाला खात्याचे साहेब आले. दुसऱ्या अंकात चिमणीने असे काही काम केले की पहिली रांग दिसेनाशी झाली. साहेबांनी रुमालातून विचारले, हा धूर मिलचा की नाटकाचा? शेठ म्हणाले, नाटकाचा. साहेबांनी बराच विचार केला. मिलचा धूर हे प्रदूषण होते, पण नाटकाचा धूर ही कला होती आणि कला त्यांच्या कक्षेत येत नव्हती. मात्र हा धूर नाटक चालू असेपर्यंतच, असे बजावून आणि चहा पिऊन ते गेले.

ते जाताच शेठनी मध्यंतर जाहीर केले.

ते मध्यंतर संपलेच नाही. हिलालला घडी खात्यातून काढून कायमचा नट म्हणून नेमण्यात आले. चिमणीसमोरच्या चौथऱ्यावर, मिलच्याच रद्द कापडाची हिरवी वस्त्रे अंगावर घालून, त्याने पाळीभर लाकडी तलवार घेऊन उभे राहायचे. तो जेवायला गेला की चौथऱ्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी लागे. रातपाळीला विठ्ठल नावाचा बदली वायुदेव येई. महिन्याभरात शेठनी दुसरी चिमणी उभारली. तो धुरासुराचा धाकटा भाऊ होता. मग शेजारच्या मिलांनीही आपापली नाटके काढली आणि खानदेशी मंडळांमध्ये गणपतीला प्रेत व्हायलाही माणूस मिळेना. चौथरा रस्त्यावरून नीट दिसावा म्हणून समोरचा कडुनिंब तोडण्यात आला.

हिलालचे नाव मात्र झाले. पृथ्वी तापते आहे, हे शाळाशाळांतून त्याच्याइतके पोटतिडकीने कोणी सांगत नसे. आता तो काळ्या धुराचा विषय ओलांडून बर्फ, समुद्र, ऋतू असल्या मोठ्या विषयांवर बोले. मिलचा डिझेल टेम्पो त्याला वापीपासून भरूचपर्यंत नेई, आणि दर सत्काराला नारळ व साडी मिळे. प्रमिलाबाईंची ट्रंक बंद होईना. त्या एका बाजूने साड्या गावाकडे धाडत, दुसऱ्या बाजूने त्या लग्नांतून परत येत.

पण चौथऱ्यावर उभे राहून हिलालला खोकला लागला होता. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. आवाज घोगरा झाला, मग चिरका झाला. तिसरा अंक येईपर्यंत आवाज उरेल की नाही, या धास्तीने त्याला घास गोड लागेना. खरेच सांगायचे तर, त्याला पृथ्वीपेक्षा त्या भाषणाची जास्त काळजी होती, आणि त्यात त्याचे काही चुकत होते असे मला वाटत नाही.

एका सकाळी तो खोकून खोकून खाली बसला, तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, “आते मारी टाका ना त्या राक्षसले. माले तुमनं भाषण तोंडपाठ व्हई गयं.”

तो शेठकडे गेला. शेठनी त्याला खुर्ची दिली, गरम पाणी मागवले.

“हिलालभाई, राक्षस मारवानी ना कोण पाडे छे? खुशाल मारा. पण मेला की चिमणी बंद. चिमणी बंद की खेळ बंद. मग तुम्ही हिरो कशाचे?”

हिलाल पाणी पिऊन चौथऱ्यावर परत गेला. पण पर्यावरण दिन आला आणि त्याने मनाशी ठरवून टाकले. आवारात मोठा मांडव होता. कामगार बायकापोरांसह आले होते, आणि प्रत्येक बाईला दिनानिमित्त मिलचीच एक साडी पिशवीत घालून भेट मिळाली होती. साहेब सकुटुंब पहिल्या रांगेत होते. पाहुण्यांसाठी पुन्हा लावलेला दुसरा अंक संपला, शेठनी ‘मध्यंतर’ची पाटी मागवली, तोच हिलाल ओरडला, “तिसरा अंक!” आणि त्याने तलवार उपसली.

कापड रंगवायच्या जिगर मशीनवरचा लोटू महाजन, हिलालचा भिंतीपलीकडचा शेजारी, उभा राहिला. “हिलालभाऊ, राक्षस मरी गया ते सकाय मिलमा आमनी पाळी शे का?”

हिलालची तलवार तशीच वर राहिली. तरी त्याने छाती भरून श्वास घेतला. तिथेच घोटाळा झाला, कारण तो श्वास धुराचा होता. “बोल दुष्टा,” एवढेच बाहेर पडले आणि मग नुसता खोकला. इतकी वर्षे वाट पाहिलेले भाषण घशात अडकले होते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते धुराचे नव्हते.

प्रमिलाबाईंना ते बघवेना. त्या उठल्या आणि खणखणीत आवाजात पुढचे वाक्य त्यांनीच म्हटले, “कोणी दिले तुला वरदान?”

आणि त्या थांबल्या. उठताना मांडीवरची साडी त्यांनी पडू नये म्हणून छातीशी धरली होती. तिच्याकडे त्यांचे लक्ष गेले. मग शेजारणीच्या मांडीकडे, मग सगळ्या मांडवाकडे. मांडवात प्रत्येकीने आपापली पिशवी हळूच पदराखाली सारली. साहेबांच्याही कुटुंबाने सारली. चिमणी मिशांतून शांतपणे धूर सोडत होती.

“इंटरवल,” शेठ म्हणाले, आणि चहा फिरवण्यात आला.

ते मध्यंतर अजून चालू आहे. पुराणात असे आहे म्हणतात, की ज्याने वर दिला त्याने तो मागे घेतल्याखेरीज राक्षस मरत नाही. त्या पात्राची जागा नाटकात पहिल्यापासून रिकामी आहे. तुम्ही हे वाचून बरेच हसला असाल, धीरजशेठना शिव्याही दिल्या असतील. आता जरा उठा आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडा. पिशवीतली ती मोरपंखी साडी बाहेर काढून पदराला हळदीचे बोट आहे का ते पाहा. असेल तर शालिग्रामच्या नाटकातला तो देव तुम्हीच. हिलाल चौथऱ्यावर उभाच आहे, तेव्हा सवडीने या. येताना आहेर तेवढा आणू नका.