भिवराई भडभुंजीण आणि वरची चिमूट यांची हकीकत

श्री. जो भट्टीस विस्तव देतो आणि दाण्यास फुटावयाची बुद्धी देतो, त्यास नमन करून हकीकत लिहितो ऐसीजे. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात विसाजीपंत पंतोजी मुलांची शाळा चालवीत होते. पंत वृद्ध, स्वभावे शांत. मूल शंभर वेळा चुकले तरी एकशे एकावे वेळी हसून सांगत, आणि धडा संपला की वर एक लहानशी गोष्ट सांगत. मुले त्या गोष्टीसाठीच धडा सोसीत. नगरात नगरशेटांचे फुटाणे खपत, त्यांत निम्मी वाळू, आणि मुलांचे दात पडत ते पुन्हा येईनात. आणि शाळेपुढे भिवराई भडभुंजीण एक मातीची भट्टी व एक सूप घेऊन बसे. तिची रीत ऐसी की माप दिले की वर आपल्या बोटांनी एक चिमूट घालावी आणि म्हणावे, "ही तुझ्या पोटाला, बाळा." मग पंतांनी मुलांस बोध केला की लहानाचा हात धरावा, आणि मुलांनी शपथ वाहिली, आणि मुलांच्या हट्टाने आया, आयांच्या धाकाने बाप, आणि बापांचे पाहून फौज भिवराईकडे लोटली. नगरशेट वाळूसुद्धा परागंदा जाहले.

मग भिवराईने डोईवर छत्र धरविले, आणि मग भट्टीस कळस चढविला, आणि मग सुपास बसावयास हत्ती आणविला. चिमूट प्रथम दोन दाण्यांनी उणी जाहली ती पंतांनी पाहिली. परंतु त्याच दिवशी भिवराईने त्यांस शाल पांघरून 'फुटाणेप्रतिपालक' ऐसा किताब दिला होता, सबब पंत शालीत तोंड घालून राहिले. आणि रोज पहिला घाणा चाखावयाचा मान त्यांचा, म्हणून धडा संपताच धावत जात, गोष्ट राहिली. पुढे चिमटीचा एकच दाणा उरला. तो मखमली तबकात यावा, चवऱ्या ढळाव्या, चोपदाराने "दर्शन घ्या, हात लावू नका!" म्हणून ललकारावे, मुलांनी मुजरा करावा, आणि तबक परत जावे. मग एके दिवशी भिवराईचे फर्मान आले की उद्यापासून शाळेच्या जागी नवी भट्टी होईल, मुलांनी समोरच्या चिंचेवर बसून शिकावे, बिगरीने खालच्या फांदीवर.

तेव्हा रखमी, कासाराची लेक, बोलिली, "गुरुजी, तुम्हीच म्हणालात ना, लहानाचा हात धरा? आता तिने आपली जागा धरली. आपलं चुकलं का?"

पंतांनी अंगावरची शाल चाचपली. मग म्हणाले, "हात धरला ते नाही चुकलं, पोरी. दोन दाणे कमी पडले त्या दिवशी मी बोललो नाही, ते चुकलं. शाल फार उबदार होती."

दुसरे दिवशी पंतांनी शाल खुंटीस लावली, मुले घेतली, भट्टीवर जाऊन एक माप घेतले आणि ओंजळ तशीच पुढे धरली. "भिवराई, वरची चिमूट?"

"तबक येऊन गेले!" चोपदार ओरडला.

"तबक नको बाबा. तिची बोटं हवीत."

मग मुलांनी ओंजळी धरल्या, आणि बाजाराने धरल्या, आणि फौजेने ढाली उलट्या धरल्या, आणि हत्तीनेही सोंड पुढे केली. प्रहर लोटला, कोणी हलेना. "घ्या मेल्यांनो एकदाची!" म्हणून भिवराईने सुपात हात घातला, तो बोटागणिक तीन तीन अंगठ्या; अंगठा बोटास पोचेना. दाणे निसटले. पुन्हा घातला, पुन्हा निसटले. "अगं बाई, माझी चिमूटच गेली!" म्हणून ती भट्टीपाशी बसून रडू लागली.

पंत तिजजवळ बसले. "एकेक काढ. घाई नाही. शंभर वेळा चुकलीस तरी मी आहे."

मग तेल लावून अंगठ्या काढिल्या, आणि सहा दाणे पंतांच्या ओंजळीत पडले. "ही तुझ्या पोटाला, बाळा," ती त्या वृद्धास म्हणाली, आणि नाक पुसून चोपदारास सांगितले, "शाळा खालीच राहू दे. चिंचेवर तू बैस."

त्या दिवशी धडा संपला आणि पंत सवयीने काठी घेऊन भट्टीकडे निघाले, तो दारात चाळीस ओंजळी उभ्या. "गुरुजी, वरची गोष्ट?" पंत चपापले. मग काठी ठेवून खाली बसले.

तात्पर्य, लहानाचा हात धरावा, परंतु आपली ओंजळ मिटू नये. शाळा जागेवर आहे. भिवराईच्या बोटांस अंगठ्यांचे वळ आहेत. हत्तीस कोणी काही दिले नाही. तो अद्याप सोंड पुढे करून उभा आहे. लेखनसीमा.