रंगनाथकाकांचा बसलेला आवाज

रंगनाथकाका साधं मीठ मागायला लागले तरी नवख्या माणसाला वाटायचं, आता मारामारी होणार. मानवतच्या आमच्या गल्लीत ते पहाटे “सरू, चहा टाक!” असं ओरडायचे आणि चार घरांत चहा टाकला जायचा. सगळा जन्म मोंढ्यात धान्याच्या लिलावाची बोली पुकारण्यात गेलेला, म्हणून गळ्याला सवयच तशी, असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, माज आहे नुसता.

मी शेजारची शिक्षिका. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवरून भागाकार शिकवत असले की भिंतीपलीकडून गर्जना व्हायची, “आगं, पापड कामून भिजू दिले!” आणि तिकडं वर्गातली पोरं “बाई, पापड भिजले!” म्हणून खिदळायची. शेवटी मी भांडायला गेले. “काका, हळू बोला की जरा!”

“हळूच बोलायलोय!” हे ते इतक्या जोरात म्हणाले की ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं. “डोक्याला ताप नका देऊ!”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोस्टमन, जावई, गणपतीची वर्गणी मागणारे, सगळ्यांना तेच मिळायचं. भेदभाव नाही.

मग त्यांना कोविड झाला. परभणीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर राहून घरी आले ते अर्धे होऊन, आणि आवाज तिथंच ठेवून. छातीत श्वासच मावेना. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या खोलीत वेगळे राहा, घरातही मास्क लावा आणि तीन गोळ्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रातून श्वास ओढून गोळे वर उचला. गल्लीला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं.

काकांचा संताप मात्र जागच्या जागी होता, त्याला बाहेर पडायला वाट तेवढी नव्हती. पहिला गोळा उठायचा, दुसरा डळमळायचा, तिसरा ढिम्म. त्या तिसऱ्याला ते मोंढ्यातल्या ठेवणीतल्या शिव्या द्यायचे, त्याही कुजबुजत. उशा फेकायचे, ग्लास आपटायचे. डॉक्टरांना फोन मीच लावून द्यायचे, तर यांचा प्रश्न एकच, “आवाज कवा येईल तेवढं सांगा.” डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे काय थोडं झालं? काकांनी फोन गादीवर आपटला. फोन माझा होता. मला भयंकर राग आला. माणसं श्वासासाठी तडफडली, आणि यांना ओरडायला मिळत नाही याचं दुःख!

एका दुपारी मी मुगाची खिचडी घेऊन गेले, तर सरूकाकू स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून बसलेल्या.

“घरी आल्यापून एक शबूद बोलले न्हाईत माझ्यासंगं,” त्या म्हणाल्या. “नुस्ते डोळे वटारायलेत. पाणी दिलं तर ढकलून दिलं. माझं काय चुकलं ते तरी सांगावं की.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या खोलीच्या उंबऱ्यातूनच मी सुनावलं, “लाज वाटत नाही, काका? ती बाई रात्रंदिवस खपतेय आणि तुम्ही अबोला धरता?”

काकांनी हातानं मला थांबवलं. मास्कमागून जेमतेम आवाज आला, “बोलायलोय की, बाई. लय बोलायलोय. तिला ऐकूच येईना.”

मला काही कळेना. मग दम खात, थांबत थांबत त्यांनी सांगितलं. थोरल्याच्या बाळंतपणात काकूंना ताप आला आणि त्यातच कान गेले. मोठ्यानं बोललं आणि ओठ दिसले, तरच समजतं. “आता आवाज न्हाई, अन् ह्या फडक्यात तोंड दिसत न्हाई. काढावं तर तिला रोग लागंल. लिहून द्यावं तर तिला वाचता येत न्हाई.”

“अहो, पण इतकी वर्षं गल्लीत कुणाला कळलं कसं नाही?”

ते माझ्यावरच चिडले. “कळू दिलं तर ना! बहिरी म्हणून हाका मारल्या असत्या लोकांनी. तिच्या एकटीवर वरडलो असतो तर समद्यांला कळलं असतं. म्हणून समद्यांवरच वरडत आलो.”

इतका राग घेऊन गेले होते, तो आता ठेवावा कुठं, मला समजेना.

“बाई, तुमी वर्गावर वरडता तसं एकदा वरडा,” ते म्हणाले. “राग न्हाई म्हणावं. आदी जेव म्हणावं.”

मी स्वयंपाकघराकडं वळले, मास्क खाली ओढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “काकू! राग नाही म्हणतात! आधी जेवून घ्या म्हणतात!”

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. “मग डोळे कामून वटारायलेत?” म्हणत त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

काका मात्र घाबरून खिडकीकडं बोट दाखवत होते. “आवो, भाईर ऐकू गेलं की! काकूवर कामून वरडल्या म्हणून इचारतील ना लोकं!” समोरच्या ओट्यावरची माणसं खरंच इकडंच बघत होती.

मी तशीच बाहेर आले. कोणीतरी अनोळखी माणूस मोटारसायकल उभी करत होता. गाडी इथं का लावली, रस्ता काय बापाचा आहे का, म्हणून मी त्याच्यावर तोंड सोडलं. मग ओट्यावरच्या मंडळींवर. तो बिचारा गाडी ढकलतच निघून गेला.

काकांचा आवाज परत येईपर्यंत मी रोज ओरडत राहिले. आधी काकूंना त्यांचा निरोप, आणि मग गल्लीत जो सापडेल त्याच्यावर. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक बोलायला लागले. मी कुणालाच खुलासा केला नाही.