हकीकत ओडीलबाईंच्या चेरी-टर्कीची

श्री. मौजे स्टर्जन बे, प्रांत विस्कॉन्सिन, येथील टॉलेफसन घराण्यात गेल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या गुरुवारी टर्कीची जी मोहीम जाहली, तिजविषयी मुलुखात भलत्यासलत्या वार्ता उठल्या. कोणी म्हणतात आग लागली, कोणी म्हणतात सासू-सुनेत तुंबळ जाहले आणि पाहुणे उपाशी परतले. सबब खरा मजकूर लिहिणे प्राप्त. लिहिणार घराण्याचा शेजारी, प्रसंगी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून यथेच्छ जेवलेला. म्हणून खाल्ल्या ग्रेव्हीस जागून, पदरचे न घालता लिहितो.

राजश्री व्हर्नाबाईसाहेब टॉलेफसन या सणाच्या तख्तावर बहुत वर्षे कायम होत्या. टर्की त्यांनीच भाजावा, लोणी आणि मीठ यांखेरीज तिसऱ्या वस्तूस पक्ष्याच्या अंगाला शिवू देऊ नये, ग्रेव्ही त्यांनीच घोटावी, आणि बाकी मंडळींनी नेमून दिलेला जिन्नस घेऊन हजर व्हावे, ऐसा शिरस्ता. कन्या जॅनेलबाई, राहणार ग्रीन बे, यांजकडे भाजल्या रताळ्यांचा मान. सूनबाई ओडीलबाई, चिरंजीव कर्टिसराव यांचे कुटुंब, यांजकडे बर्फ आणि कागदी रुमाल. ज्याच्या हातच्या अन्नाचा भरवसा नाही त्यास त्या मुलुखात बर्फ आणावयास सांगतात, आणि तोंडावर कोणी ब्र काढीत नाही. ओडीलबाईंनी लग्न जाहल्यापासून बर्फच वाहिला. माहेर त्यांचे चेरीच्या बागाइतदारांचे, हाताला चव नामी; परंतु पुसतो कोण?

त्या साली व्हर्नाबाईसाहेबांचा गुडघा बदलला आणि वाकून भट्टीत हात घालणे वैद्यांनी मना केले. तेव्हा खलबत बसले. जॅनेलबाईंनी मसलत दिली की आता घरची दगदग पुरे, सर्वांनी हॉटेलात जेवावे, भांडी घासणे नाही आणि वाद नाही. व्हर्नाबाईसाहेबांनी फर्मान सोडले की यंदा टर्की ओडीलने आपल्या घरी भाजावा. साधला तर हा सण पुढे तिच्या घरी चालेल, बिघडला तर पुढील सालापासून सर्वांनी ग्रीन बेच्या हॉटेलात ताट धरून रांगेत उभे राहावे. एका पक्ष्यावर घराण्याची पंगत आणि ओडीलबाईंची पत दोन्ही टांगली गेली.

मग तयारी जाहली. टर्की थोर, अंगाने भारदस्त, गोठलेला, रविवारपासून फ्रीजमध्ये नजरकैदेत. तरी बुधवारी पोटात हात घालून पाहता आत बर्फाचा किल्ला जैसा का तैसा. मग त्यास सिंकमध्ये गार पाण्याचे स्नान घातले, पाणी पुनःपुन्हा बदलले, आणि किल्ला पडला. कर्टिसराव त्या सप्ताहात हरणाच्या शिकारीस रानात मुक्कामी. गुरुवारी सकाळी शिकाऱ्याचे नारिंगी जाकीट घालून, हरिणावाचून, परंतु सर्दीसहित परत आले आणि सोफ्यावर आडवे जाहले. त्यांस उठवून बटाट्यांच्या मोर्च्यावर नेमिले.

टर्की भट्टीत स्थानापन्न जाहला. त्याची मान आणि काळीज वगैरे कांदा-सेलरीसह मोठ्या पातेल्यात मंद आचेवर चढविले, कारण ग्रेव्हीचा सारा जीव त्या रश्शात. चेरीचा मुरांबा, मोहरीची चटणी आणि सफरचंदाचा व्हिनेगर आटवून लेप सिद्ध केला आणि बाजूस ठेविला. साखर मोठी उतावीळ, आधी धाडली तर जळून कोळसा होते, म्हणून तिची पाळी शेवटी. इतका बंदोबस्त होतो आहे तोंच व्हर्नाबाईसाहेबांची स्वारी, बोलाविल्या वेळेच्या बहुत आधी, काठी टेकीत दाखल जाहली, आणि मुदपाकखान्याच्या दारात खुर्ची टाकून, गुडघा स्टुलावर ठेवून, भट्टीसमोर तळ देऊन बसली. सोबत यजमान मर्लराव. हे गृहस्थ बोलण्यात इतके काटकसरी की त्यांच्यापुढे भिंत वाचाळ वाटावी.

"मी काही बोलणार नाही हं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "तू तुझं चालू दे."

"बसा ना बाहेर आरामात. तिकडे फुटबॉल लागलाय," ओडीलबाई म्हणाल्या.

"इथंच बरी आहे. ते लाल काय आहे वाटीत?"

"चेरीचा लेप. टर्कीला लावायचाय."

व्हर्नाबाईंनी वाटीत पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "अगं बाई. वेगळंच आहे."

आता वाचणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की त्या मुलुखात शिव्या देण्याची चाल नाही. घर जळाले तरी "थोडं गरम झालं" म्हणतात. तेथे "वेगळंच आहे" म्हणणे म्हणजे भर दरबारात पागोटे उडविणे होय. ओडीलबाईंचे कान तापले, तरी त्यांनी भट्टी उघडून पक्ष्यास लेप चढविला, पुन्हा चढविला, आणि त्याची अंगकांती पिकल्या चेरीसारखी तुकतुकीत जाहली. सुगंध दिवाणखान्यापर्यंत गेला आणि फुटबॉल पाहणारे क्षणभर चेंडू विसरले.

परंतु मन ठिकाणावर नव्हते. सासूची नजर पाठीत रुतत होती. त्या भरात ओडीलबाईंनी टर्की बाहेर काढून ठेविला, रश्शाचे पातेले उचलिले, चाळणी सिंकमध्ये ठेविली, आणि सारे पातेले तीत उपडे केले. चाळणीखाली भांडे ठेवावयाचे राहिले. मानेची हाडे आणि उकडला कांदा चाळणीत सुखरूप राहिली, आणि सकाळपासून आटविलेला रस्सा, ग्रेव्हीचा जीव, गटगट करीत गटारास गेला. मागे वाफ तेवढी राहिली.

ओडीलबाई चाळणीकडे पाहतच राहिल्या. डोळे भरून आले. व्हर्नाबाईंनी सर्व पाहिले होते.

इतक्यात ग्रीन बेहून आलेल्या जॅनेलबाई डोकावल्या आणि वर्तमान त्यांस एका दृष्टीत समजले. "अय्या, सगळा गेला? असू दे गं. माझ्या गाडीत ग्रेव्हीच्या दोन बाटल्या आहेत. म्हटलं, असाव्यात."

"आधीच आणल्यास?" ओडीलबाईंनी विचारले.

"असाव्यात म्हणून गं. वाईट वाटून घेऊ नकोस." ऐसे म्हणून त्या किल्ली घेऊन बाहेर कूच करत्या जाहल्या. बाटलीतली ग्रेव्ही म्हणजे काय, ते सभ्य माणसाने लिहू नये. भिंतीस गिलावा करावयाचा असेल तर बरी.

त्याच वेळी सर्दीने बेजार कर्टिसराव उकडल्या बटाट्यांचे भांडे घेऊन, त्यातले पाणी ओतून टाकावयास सिंकवर आले आणि भांडे तिरपे करणार, तोंच दारातून गर्जना जाहली.

"कर्टिस! खबरदार ते पाणी ओतशील तर!"

पाहतात तो व्हर्नाबाईसाहेब खुर्चीतून उठून, काठीवाचून, नव्या गुडघ्यावर उभ्या.

"काय झालं आई?" कर्टिसराव म्हणाले.

"बटाट्याचं पाणी आहे ते, गाढवा. मीठ आहे त्यात, दाटपणा आहे. ओडील, टर्कीखालच्या ट्रेमध्ये काय उरलंय?"

"टर्कीची सुटलेली चरबी आहे. पण त्यात चेरी गळलीय सगळी. ग्रेव्ही लाल होईल."

"होऊ दे लाल. माझ्या जिवात जीव असेतो या घराण्यात बाटलीतली ग्रेव्ही कुणाच्या ताटात पडायची नाही. घे, पीठ घाल. ढवळ. थांबू नकोस, गुठळ्या होतील."

मग सुनेने ढवळावे आणि सासूने पाणी ओतावे, आणि पुन्हा ढवळावे. चव घेता गोडवा डोक्यावर बसला होता, तेव्हा ओडीलबाईंनी आपल्या बुद्धीने व्हिनेगर आणि मिरे घालून त्यास ताळ्यावर आणिले. व्हर्नाबाईंनी चमचा चाटला, भुवई उंचावली, परंतु निकाल राखून ठेविला. जॅनेलबाई बाटल्या घेऊन परतल्या तो ग्रेव्ही तयार, रंग तांबडा, दाट, चकचकीत.

पंगत बसली. टर्की कापिला, मांस रसाळ निघाले, कोरडेपणाचा मागमूस नाही. परंतु सर्वांची दृष्टी ग्रेव्हीवर. "लाल आहे," जॅनेलबाई म्हणाल्या, आणि कोणी प्रथम हात घालीना. तेव्हा मर्लरावांनी भांडे ओढिले, ठेचल्या बटाट्यांत खळगा केला, ग्रेव्हीने भरला, खाल्ला. पुन्हा भरला, पुन्हा खाल्ला. मग रुमालाने मिशा पुसून त्यांनी फर्माविले:

"वाईट नाही."

हे दोन शब्द मर्लरावांनी यापूर्वी एकदाच काढले होते, तेही आपल्या लग्नाच्या दिवशी. मग काय विचारता! चहूकडून भांडे लुटले गेले. शेवटचा तुकडा कोणी घ्यावयाचा नाही, तो "तुम्ही घ्या, नको तुम्ही घ्या" करीत वाळू द्यावयाचा, हा त्या मुलुखाचा धर्म. परंतु त्या दिवशी ताटात वाळावयास तुकडा उरला नाही. जॅनेलबाईंनी पावाने भांडे पुसले, हे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले. बाटल्या झाकणे न उघडता पुन्हा गाडीत गेल्या.

व्हर्नाबाईसाहेब मात्र टेबलावर निकाल देईनात. ओडीलबाईंना घास गोड लागेना. संध्याकाळी मर्लरावांनी मांडीवर थाप मारून "चला" म्हटले, म्हणजे निघण्यास आरंभ जाहला. मग कोट घालीपर्यंत गप्पा, दारात गप्पा, पायरीवर गप्पा. शेवटी मंडळी गाडीशी पोहोचली, थंडी मी म्हणत होती, आणि व्हर्नाबाईसाहेब दार उघडून, न बसता, मागे वळल्या.

"ओडील, पुढच्या वर्षी आम्ही किती वाजता यायचं?"

बहुत वर्षे हा प्रश्न ओडीलबाई विचारीत आणि व्हर्नाबाई वेळ सांगत. ओडीलबाई म्हणाल्या, "सकाळीच या. मला एकटीला नाही जमायचं."

"ते दिसलंच आज," व्हर्नाबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

येणेप्रमाणे, रस्सा गमावूनही, टर्कीची मोहीम फत्ते जाहली, हॉटेलची मसलत बारगळली, आणि तख्त सासूकडून सुनेकडे राजीखुशीने, हसत आले. ऐसे कोणत्याही मुलुखात क्वचित घडते, म्हणून पोट भरले असतानाच लिहून ठेविले.