सहासष्ट डिग्रीचं देवघर

"नेपरव्हिलमध्ये आर्किटेक्टांनी बांधलेलं देवघर फक्त एकाच मराठी माणसाकडे असणार, आणि तो म्हणजे मी!" असं रवींद्रने २००४ च्या जानेवारीत मंडळातल्या चाळीस जणांना ईमेलने कळवून टाकलं. वर शनिवारी उद्घाटनाचं आमंत्रण! देवघराचा अजून पत्ताच नव्हता, पण या माणसाचं सगळंच तसं. आधी पेढे, मग परीक्षा!

झालं होतं असं, की त्याची मुलगी हिमानी जवळच शिकागोत आर्किटेक्चर शिकत होती. वर्गाला काम मिळालं, राहत्या घरात एक छोटीशी पवित्र जागा खरोखरची बांधायची. हिमानीने आपलंच घर निवडलं. तिच्या आईच्या, नीलांबरीच्या, डोळ्यांत पाणीच आलं. अकरा वर्षं तिचे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा किचनच्या कॅबिनेटमध्ये तूरडाळीशेजारी राहत होते. जिरं काढायला गेलं की देवदर्शन!

"माझ्या देवांना एक धड जागा होऊ दे गं," एवढंच ती म्हणाली.

"फुल फ्रीडम!" रवींद्र गरजला. "कुठेही बांधा, मी मध्ये बोलणार नाही!"

प्रोफेसरांची अट विचित्र होती. घरच्यांना काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. माणसं नकळत कुठे थांबतात, कशाला हात लावायला घाबरतात, तिथेच बांधायचं. त्यामुळे हिमानी आणि नागपूरहून शिकायला आलेला तिचा मित्र सुशांत दोन रविवार वही घेऊन जिन्यात बसले. रवींद्र मुद्दाम कॅबिनेटपुढे मोठ्याने स्तोत्र म्हणून आला, तेही दोनदा. मग हॉलवेत चादर टांगली गेली आणि दोन दिवस नुसती ठोकाठोक चालली.

शनिवारी तीस माणसं जमली. हिमानीने चादर ओढली. मेपलच्या लाकडाची सुरेख महिरप, वरून सोनेरी उजेड, खाली हातभर रुंद फळी. आणि बरोबर मधोमध, मूर्ती असावी तिथे, थर्मोस्टॅट!

"अगं, हे हीटिंगचं बटण आहे!" रवींद्र किंचाळला.

"एक्झॅक्टली, बाबा!"

सुशांतने वही उघडली. "पाहा काकाजी. देवांपुढे तुम्ही सरासरी चाळीस सेकंद, तेही फोनवर बोलत. इथे एका रविवारी सतरा खेपा! चष्मा लावता, वाकता, 'बिल, बिल' पुटपुटता. कोणाला हात लावू देत नाही. आकडा सहासष्ट फॅरेनहाइटच्या वर गेला की घरात कोप होते!"

मंडळातले गिरीशकाका हसता हसता सोफ्यावर आडवे झाले.

"आणि काकाजी वर गेले की काकू चवड्यांवर येतात, बहात्तर करतात अन् नमस्कार करून पळतात."

"नीलू!!" रवींद्रच्या पायाखालची जमीनच सरकली. चार हिवाळे तो घर तापवणाऱ्या फर्नेसला शिव्या घालत होता. दोनदा मेकॅनिक बोलावला होता!

नीलांबरीचं लक्षच नव्हतं. तिचा चेहरा पडला होता. अकरा वर्षं वाट बघितली आणि जागा मिळाली कुणाला, तर त्या डबीला!

"आई, सॉरी... वुई ओन्ली ड्रू व्हॉट वुई सॉ," हिमानी रडवेली झाली.

नीलांबरीने महिरपीवरून हात फिरवला. "ही फळी रिकामीच आहे ना?" ती किचनमध्ये गेली, देव घेऊन आली, फळीवर मांडले आणि निरांजन लावलं. काय सुंदर दिसत होते देव! सगळ्यांचे हात आपोआप जुळले, आणि नीलांबरी लहान मुलीसारखी हसली.

अर्ध्या तासात घराचं आईस्क्रीम झालं. निरांजनाची ऊब थेट वरच्या थर्मोस्टॅटला! त्याला वाटलं, घर तापलंय, आणि फर्नेस बंद. पाहुणे कोट चढवून, हातमोजे घालून साबुदाणावडे खाऊ लागले.

"नीलू, देव हलव!"

"एकदा बसलेले देव हलवायचे नाहीत!"

"मग मी आकडा वाढवतो," म्हणत रवींद्रने हात पुढे केला.

"थांबा! देवघर आहे ते. आंघोळ झालीय?"

"सकाळी केली की!"

"नंतर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढलात, तीस जणांचे बूट रचलेत. शिवू नका!"

तीस माणसांच्या देखत बिचारा खांद्यावर टॉवेल टाकून जिना चढला.

तेव्हापासून नीलांबरी रोज सहाला आंघोळ करते, देवांना फूल वाहते आणि राजरोस बहात्तर करते. निरांजन विझलं की फर्नेस घुमायला लागतो. रवींद्रला आकडा खाली आणायची पूर्ण मुभा आहे, फक्त आधी आंघोळ. आणि नेपरव्हिलच्या थंडीत ओल्या केसांनी खाली आल्यावर, खरं सांगायचं तर, त्यालाही बहात्तरच बरं वाटतं!